कामगार प्रोत्साहन (कोल्हापूर परिसर)

कामगाराने टिकून राहावं, खाडे करू नयेत आणि मन लावून काम करावं म्हणून मालक ठरलेल्या पगाराच्या वर जे काही देतो ते सगळं कामगार प्रोत्साहनात धरतात. बोनस, ओव्हरटाइम, उचल, हजेरी भत्ता, दिवाळीची साखर, सगळंच. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले एमआयडीसीतल्या फाउंड्र्या (धातूच्या ओतकामाचे कारखाने), इचलकरंजीचे माग, हुपरीचं चांदीकाम आणि साखर कारखाने असे एकमेकांशी न जुळणारे धंदे शेजारी-शेजारी असल्याने इथे एकच एक पद्धत सापडत नाही.

दिवाळी बोनस कुठून आला यावर मात्र वाद आहे. दरवर्षी दिवाळीला मोबाईलवर फिरणारी गोष्ट अशी, की पूर्वी पगार आठवड्याला मिळायचा, वर्षाचे ५२ आठवडे म्हणजे चार-चार आठवड्यांचे १३ पगार, इंग्रजांनी महिन्याचा पगार सुरू केला आणि तेरावा पगार बुडाला, तोच पुढे भांडून बोनस म्हणून परत मिळवला. हिशोब जुळतो, कारण ८.३३ टक्के म्हणजे बरोब्बर एका महिन्याचा पगार. पण १९६५ च्या बोनस कायद्यात किमान बोनस मुळात ४ टक्केच होता, ८.३३ झाला तो १९७२ च्या दुरुस्तीने, आणीबाणीत १९७५ ला परत ४ वर आणला आणि १९७७ ला पुन्हा ८.३३ केला. तेराव्या पगाराची भरपाईच करायची होती तर सुरुवात ४ ने का केली, याचं उत्तर त्या गोष्टीत मिळत नाही. त्यापेक्षा पहिल्या महायुद्धाच्या काळाकडे बोट दाखवणारं मत जास्त पटतं. १९१७ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांनी महागाईमुळे युद्ध बोनस दिला आणि अहमदाबादच्या मालकांनी प्लेगला घाबरून कामगार गावी पळू नयेत म्हणून प्लेग बोनस दिला, म्हणजे माणूस धरून ठेवायचाच तो खर्च होता. १९२४ ला मुंबईत बोनससाठी मोठा संप झाला तेव्हा सरकारने नेमलेल्या मॅक्लिऑड समितीने तर बोनस हा कामगारांचा हक्कच नाही असं सांगितलं. हक्काच्या जवळ तो आला १९५० च्या कामगार अपील न्यायाधिकरणाच्या, नफ्यातून बोनस काढायच्या सूत्राने आणि मग १९६५ च्या कायद्याने. वेतन संहिता, २०१९ मध्येही किमान ८.३३ आणि कमाल २० टक्के हेच आकडे आहेत.

फाउंड्रीत मोल्डरला (साचे करणाऱ्याला) नुसते साच्याच्या बॉक्समागे पैसे दिले की आकडा वाढतो, पण ब्लो होल, म्हणजे ओतकामात हवेची पोकळी निघाली की माल मशीन शॉपवरून परत येतो आणि मालकाचं भट्टीचं बिल मात्र तेवढंच राहतं, म्हणून पास झालेल्या मालावर इन्सेंटिव्ह दिलेला परवडतो. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ ला आला. तिथली मजुरी ५२ पिकाचं (इंचात ५२ आडवे धागे असलेलं) कापड धरून मीटरमागे पैशात ठरते, त्यामुळे लाईट गेली की कमाईही थांबते, मग कितीही हुरूप असो. माग चालवणाऱ्या कामगाराला खरं बांधून ठेवते ती उचल. अंगावर बाकी असताना दुसऱ्याकडे जायचं तर नव्या मालकाने आधी ती भागवायची. याला प्रोत्साहन म्हणायचं की दावं, हा प्रश्नच आहे.

साखर कारखान्यात हंगामी कामगार गळीत संपल्यावर घरी बसतो, तरी पुढच्या हंगामाला परत यावा म्हणून त्याला बिनहंगामी काळाचा रिटेन्शन भत्ता मिळतो. वर दिवाळीला सवलतीतली साखर.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हर्झबर्गने १९५९ ला मांडलं, की पगार आणि सोयी कमी पडल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या वाढवल्या म्हणून तो पेटून काम करतोच असं नाही. मोठ्या कंपन्यांतल्या एचआरवाल्यांचं कैझेन बक्षीस (कामात छोटी सुधारणा सुचवल्याबद्दल), महिन्याचा उत्तम कामगार, फॅमिली डे हे सगळं याच वळणाचं, पैशापेक्षा कौतुकावर भर देणारं. दुकानांबद्दल वेगळं सांगण्यासारखं फारसं नाही, तिथे टार्गेट आणि कमिशनच चालतं.

कोल्हापूर शहरातल्या शिवाजी उद्यमनगरातल्या चार-पाच माणसांच्या गाळ्यांना बोनस कायदा साधारणपणे लागत नाही, तो २० माणसांपासून पुढे. तरी खंडेनवमीला लेथची पूजा झाली की दिवाळीचं काय ते बोलणं सुरू होतंच, कारण चांगला टर्नर (लेथ चालवणारा) सुटला तर महिनाभरात शेजारच्याच गाळ्यात उभा दिसतो.