आडवा धूर, फिरतं पातं

जानेवारीत पहाटे पन्हाळ्यावर सज्जा कोठीपाशी ट्रायपॉड लावून पूर्वेकडं बघत थांबावं. खाली उसाचा पट्टा, मधेच साखर कारखान्याचं धुराडं, कडेकडेनं गुऱ्हाळं. चुलवणात चिपाड पेटलेलं असतं. त्याचा धूर सरळ वर निघतो, थोडा चढतो आणि काचेच्या छताला टेकावा तसा आडवा पसरतो. दुपारी तोच धूर वेडावाकडा उसळत विरून जातो. ही आडवी रेघ पहाटेच सापडते, म्हणून तर मी झोप मोडून गड चढतो.

ते छत खरंच असतं. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिला लागून असलेली हवाही गार होते. गार हवा जड, ती पंचगंगेच्या खोऱ्यात साचते. एरवी वर जावं तसं तापमान उतरतं, दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंश. अशा पहाटे मात्र खाली गारठा आणि वर ऊब, म्हणजे तापमानाचं व्युत्क्रमण. चढणारा धूर भोवतालची हवा मिसळून निवत जातो. वर त्याच्याइतकीच उबदार हवा भेटली की त्याचं चढणं संपतं.

कारखान्याचा फोटो मोठा करून धुराड्याचं तोंड बघा. कधीकधी तोंड आणि पांढरा लोट यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा दिसते. तिथं वाफ असते, पण वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती निवून पाण्याचे थेंब झाले की पांढरं दिसू लागतं. काही अंतरावर विरतं ते पाणी. त्यापुढंही जी करडी-तपकिरी रेघ लांबत राहते, तो धूर. ऊन तापू लागलं की जमिनीलगतची हवा ढवळते आणि वर अडकलेला धूर खाली गावात उतरतो. मुलं शाळेला निघायचीही तीच वेळ. त्यामुळं या फोटोंवर मी तारीख आणि वेळ न चुकता लिहितो.

पवनचक्क्यांसाठी सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर जावं लागतं. वाऱ्याचा खरा हंगाम पावसाळ्यातला, पण हिवाळ्यातल्या काही पहाटे तिथं वेगळीच गंमत असते. पायाशी गवताचं पातं हलत नाही आणि वर चक्की फिरत असते. खालचा गार थर वरच्या हवेपासून तुटलेला असतो, त्यामुळं वरच्या वाऱ्याला जमिनीचं घर्षण जाणवत नाही.

लांबून ही चक्की संथ वाटते. पण ४० मीटरचं पातं मिनिटाला १५ फेरे घेत असेल, तर त्याचं टोक ताशी सुमारे २२५ किलोमीटरनं धावतं. शटर १/१००० सेकंद ठेवलं तरी तेवढ्यात टोक ६ सेंटिमीटर सरकतं, पण इतक्या लांबून ते कळत नाही आणि चक्की बंद पडल्यासारखी दिसते. मला १/८ सेकंद आवडतं. तेवढ्यात पातं ११ अंश फिरतं, मधला तुंबा स्पष्ट राहतो आणि टोकं पुसट होत जातात. सव्वा सेकंदाच्या थोडं पुढं गेलात, तर प्रत्येक पातं पुढच्याच्या जागी पोचतं आणि नुसती फिकट तबकडी उरते.

उजाडताना मात्र कॅमेऱ्यावरून डोळा काढून वर बघा. जमीन सपाट असेल, तर १०० मीटर उंचीवरच्या टोकाला सूर्य आपल्याआधी मिनिटभर दिसतो. वर गेलेलं पातं तांबूस उजळतं, खाली येता येता सावलीत विझतं, तोवर मागचं पेटलेलं असतं.