अंश हाती, छेद कंपनीकडे

समजा, एक खोटी बातमी समाजमाध्यमावर चाळीस हजार वेळा पुढे पाठवली गेली. ऐकायला हे भयंकर वाटते, पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे विधान अर्धवट आहे. त्या काळात त्या मंचावर एकूण किती गोष्टी पुढे पाठवल्या गेल्या, ही बातमी किती जणांच्या पडद्यावर आली, त्यांपैकी किती जण ती न वाचताच पुढे सरकले, आणि मुळात ती त्यांच्यासमोर मित्राने आणली की क्रमवारी लावणाऱ्या अल्गोरिदमने, हे कळल्याशिवाय चाळीस हजार हा आकडा मोठा की लहान ते ठरवता येत नाही. शाळेतल्या अपूर्णांकांच्या भाषेत सांगायचे तर आपल्याला अंश दिसतो, छेद दिसत नाही. मोठ्या ऑनलाइन मंचांच्या परिणामांविषयीचे बरेचसे वाद या न दिसणाऱ्या छेदापाशीच अडून राहिले आहेत, असे मला वाटते.

पोस्ट, लाइक, प्रतिक्रिया हा डेटाचा केवळ वरचा थर झाला. त्याखाली कोणाला केव्हा काय दाखवले याच्या नोंदी असतात, प्रत्येक पोस्टला क्रमवारीत वर-खाली ढकलणारे गुण असतात, काढून टाकलेला मजकूर असतो आणि कंपनीने स्वतःच्या वापरकर्त्यांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्षही असतात. काढून टाकलेल्या मजकुराचा प्रश्न तर विशेष अवघड आहे, कारण महिन्याभराने डेटा गोळा करणाऱ्या संशोधकाला फक्त टिकून राहिलेल्या पोस्ट सापडतात आणि सर्वांत घातक मजकूरच त्याच्या नमुन्यातून गळून पडलेला असतो. हा खालचा थर हाती असला की काय करता येते, हे फेसबुकच्या एका प्रयोगातून दिसले. 2010 मधील अमेरिकी निवडणुकीच्या दिवशी सुमारे 6.1 कोटी वापरकर्त्यांवर केलेल्या या प्रयोगात, मित्रांनी मतदान केल्याचे दाखवणाऱ्या संदेशामुळे मतदानात किंचित पण मोजता येण्याजोगी वाढ झाल्याचे आढळले. इतका बारीक परिणाम बाहेरून पाहणाऱ्याला कधीच दिसला नसता.

वरच्या थरापर्यंत पोहोचण्याची वाटही आता अरुंद झाली आहे. ट्विटरने जानेवारी 2021 मध्ये संशोधकांना दरमहा एक कोटी ट्विट विनामूल्य मिळवण्याची सोय दिली होती. फेब्रुवारी 2023 मध्ये विनामूल्य एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमद्वारे थेट डेटा मागवण्याची सोय, बंद करण्याची घोषणा झाली आणि त्यानंतर मोठ्या प्रमाणावरील डेटासाठी महिन्याला 42,000 डॉलरपासून पुढे असे दर पुढे आले, जे बहुतेक विद्यापीठांच्या आवाक्याबाहेरचे होते. फेसबुकने 2016 मध्ये विकत घेतलेले आणि पत्रकार व संशोधक सर्रास वापरत असलेले, कोणती सार्वजनिक पोस्ट किती पसरली हे दाखवणारे क्राउडटँगल हे साधन 14 ऑगस्ट 2024 रोजी बंद झाले. त्याच्या जागी फेसबुकची मालक कंपनी मेटा हिने आणलेली मेटा कंटेंट लायब्ररी अर्ज मंजूर झाल्यावरच उघडते. संशोधकांचाही दोष येथे सांगायला हवा. ट्विटरचा डेटा सहज मिळत होता, म्हणून वापरकर्त्यांच्या संख्येत फेसबुकच्या जवळपासही नसलेल्या या मंचावर शोधनिबंधांचा पूर आला आणि तेथील निष्कर्ष नकळत सगळ्याच समाजमाध्यमांना लावले गेले.

डेटा न देण्यामागे कंपन्या गोपनीयतेचे कारण पुढे करतात. ते सोयीचे आहे, पण खोटे मात्र नाही. ऑगस्ट 2006 मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे शोध-प्रश्न संशोधनासाठी खुले केले आणि नावांच्या जागी क्रमांक घातले. कोणी काय शोधले होते, एवढ्यावरून पत्रकारांनी काही दिवसांतच एका क्रमांकामागची व्यक्ती शोधून काढली. पुढे राजकीय प्रचारासाठी काम करणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीच्या प्रकरणात सुमारे 8.7 कोटी लोकांपर्यंतची फेसबुकवरील माहिती बाहेर गेली, तीही एका विद्यापीठीय संशोधकाने तयार केलेल्या ॲपमधून. हे 2018 मध्ये उघड झाल्यानंतर कंपन्यांनी दारे लावून घेतली, तेव्हा त्यांना दोष देणेही कठीण झाले.

गोपनीयता राखून डेटा देण्याचा एक गणिती मार्ग म्हणजे डिफरन्शियल प्रायव्हसी. प्रत्येक आकड्यात मुद्दाम थोडा यादृच्छिक गोंधळ मिसळायचा, म्हणजे एखादी विशिष्ट व्यक्ती त्या डेटात आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. समजा, प्रत्येक संख्येत शे-दोनशेची भर किंवा घट केली. पन्नास लाख लोकांनी पाहिलेल्या बातमीला त्याने काहीच फरक पडत नाही. साठच जणांनी पाहिलेल्या बातमीचे वाचक मात्र उणे ऐंशीसुद्धा येऊ शकतात. उणे वाचक ही कल्पना गमतीची असली, तरी तिची किंमत गंभीर आहे, कारण टोकाचा मजकूर बहुधा लहान गटांतच फिरतो आणि नेमके तेच गट या गोंधळात बुडून जातात. संशोधकांना कंपनीचा डेटा मिळवून देणाऱ्या सोशल सायन्स वन या उपक्रमातून फेसबुकने फेब्रुवारी 2020 मध्ये सुमारे 3.8 कोटी वेबपत्त्यांविषयी असा डेटा दिला. त्यावर संशोधन सुरू झाले, आणि 2021 मध्ये इटलीतील उर्बिनो विद्यापीठाच्या फाबिओ जिलिएट्टो यांना त्यातले आकडे फेसबुकच्याच एका जाहीर अहवालाशी जुळत नसल्याचे आढळले. ज्यांचा राजकीय कल ठरवता आला नव्हता असे, म्हणजे अमेरिकेतील जवळजवळ निम्मे, वापरकर्ते डेटातून वगळले गेले होते. चूक अनवधानाने झाल्याचे कंपनीने सांगितले. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे की, पडताळण्यासाठी दुसरा एखादा आकडा हाताशी नसता, तर ही चूक सापडलीच नसती.

कंपनीसोबत बसून काम करण्याचाही मार्ग आहे. 2020 च्या अमेरिकी निवडणुकीविषयी मेटा आणि विद्यापीठांतील संशोधक यांनी मिळून केलेल्या अभ्यासाचे पहिले चार निबंध जुलै 2023 मध्ये ‘सायन्स’ आणि ‘नेचर’मध्ये आले. फीडची क्रमवारी अल्गोरिदमऐवजी केवळ वेळेनुसार लावली, तरी तीन महिन्यांत लोकांच्या राजकीय ध्रुवीकरणात लक्षणीय बदल दिसला नाही, असा त्यांतला एक निष्कर्ष होता. मात्र 2024 मध्ये इतर संशोधकांनी दाखवून दिले की, त्याच काळात मेटाने अविश्वसनीय बातम्या दाबणारे तात्पुरते उपाय लागू केले होते. तुलना झाली ती नेहमीच्या अल्गोरिदमशी नव्हे, तर आणीबाणीतल्या अल्गोरिदमशी. अभ्यासावर लक्ष ठेवणारे स्वतंत्र निरीक्षक मायकेल वॅग्नर यांनी या सहकार्याचे वर्णन ‘परवानगीने मिळालेले स्वातंत्र्य’ या आशयाच्या शब्दांत केले होते, आणि त्याहून नेमके वर्णन मला सुचत नाही.

परवानगी न मागता छेद मिळवण्याच्या युक्त्या मात्र पाहण्यासारख्या आहेत. यूट्यूबवरील प्रत्येक व्हिडिओला अकरा चिन्हांचा पत्ता असतो. मसाचुसेट्स विद्यापीठातील ईथन झुकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाला असे पत्ते यादृच्छिकपणे बनवायला लावले आणि त्यांतले किती खरे निघतात ते मोजले, अगदी मनाला येईल तो दूरध्वनी क्रमांक फिरवून कोणी उचलते का हे पाहावे तसे. बहुतेक पत्ते रिकामेच निघतात, पण किती पत्ते तपासल्यावर एक व्हिडिओ सापडतो यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधता येतो, आणि तो हजार कोटींच्या घरात गेला. शिवाय अशा यादृच्छिक नमुन्यातील बहुतेक व्हिडिओ जेमतेम काही डझन वेळा पाहिलेले असतात, हेही त्यातून कळले. लोकप्रिय व्हिडिओंवरून यूट्यूबचे चित्र रंगवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे. दुसरी युक्ती ब्राउझरमध्ये बसणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची. स्वयंसेवक तो बसवतात आणि आपल्याला काय दाखवले गेले, हे स्वेच्छेने संशोधकांना कळवतात. अशाच पद्धतीने राजकीय जाहिराती गोळा करणाऱ्या न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांची खाती फेसबुकने ऑगस्ट 2021 मध्ये बंद केली होती.

कायद्याने दार उघडण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न युरोपीय संघाचा आहे. महिन्याला 4.5 कोटींहून अधिक युरोपीय वापरकर्ते असलेल्या मंचांना डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टचे कलम 40 लागू होते. सार्वजनिक डेटा पात्र संशोधकांना मिळायलाच हवा, असे हे कलम सांगते. आतल्या डेटासाठीचे सविस्तर नियम 29 ऑक्टोबर 2025 पासून अमलात आले. त्यांनुसार संशोधक अर्ज कंपनीकडे नव्हे, तर सरकारी नियामकाकडे करतो. तो व्यापारी हितसंबंधांपासून मुक्त आहे का, पैसा कोणाचा आहे, डेटा सुरक्षित राहील का, हे नियामक तपासतो आणि कंपनीला डेटा देण्यास सांगतो. डिसेंबर 2025 मध्ये एक्सला, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरला, 12 कोटी युरोंचा दंड झाला, तेव्हा संशोधकांना सार्वजनिक डेटापर्यंत पोहोचू न देणे हे तीन कारणांपैकी एक होते.

आता अडचण वेगळीच आहे. अर्जात कोणता डेटा हवा हे नेमके लिहावे लागते, आणि कंपनीच्या कोठारात कोणत्या नावाने काय साठवले आहे, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसते. म्हणून कंपन्यांनी आपल्याकडील डेटाची ढोबळ सूची प्रसिद्ध करावी, अशी तरतूद नव्या नियमांत आहे. त्या सूचीत ‘दाखवलेल्या पोस्टींची नोंद’ अशी ओळ आहे की नाही, हे संशोधक सर्वांत आधी पाहतील.