टीव्हीपासून सुटलेला कन्सोल

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेमचा कन्सोल हातात धरून खेळता यावा, ही खटपट आधी कंपन्यांनीच करून पाहिली. जपानच्या एनईसीने १९९० साली टर्बोएक्सप्रेस काढला. त्यांच्याच घरच्या कन्सोलची, टर्बोग्राफिक्स-१६ची, गेमची कार्डं त्यात जशीच्या तशी चालत. १९९५ मध्ये सेगाचा नोमॅड आला. तो म्हणजे सेगाचा घरचा कन्सोल जेनेसिसच, फक्त स्वतःचा पडदा घेऊन आलेला. दोघांनाही सहा-सहा पेन्सिल सेल लागत आणि काही तासांत ते संपत. गेमपेक्षा सेलचाच खर्च जड व्हायचा.

हे काम मग हौशी मंडळींनी हातात घेतलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या बेन हेकेंडॉर्न या ग्राफिक आर्टिस्टने २००० साली अटारी २६०० हा जुना कन्सोल हातात मावेल असा करून दाखवला. निवड अचूक होती. १९७७चं ते यंत्र, प्रोसेसर जेमतेम १.१९ मेगाहर्ट्झचा, रॅम १२८ बाइट (किलोबाइट नव्हे, नुसते बाइट!) आणि मुख्य चिप तीनच. बाकी खोका बराचसा हवेनेच भरलेला. २००५ मध्ये त्याचं याच विषयावरचं पुस्तकही आलं.

अडचण चिपची नव्हतीच. पडद्याची आणि विजेची होती. पडद्याचा प्रश्न सोनीने नकळत सोडवला. पीएसवन या आपल्या छोट्या प्लेस्टेशनसाठी त्यांनी पाच इंची एलसीडी पडदा विकायला काढला. तो साधा व्हिडिओ सिग्नल घ्यायचा, त्यामुळे कित्येक निन्टेन्डो ६४ कन्सोलच्या पोटावर सोनीचा पडदा बसला. विजेची गोष्ट जरा किचकट. हे कन्सोल भिंतीतल्या सॉकेटच्या भरवशावर बनलेले. त्यांतल्या अनेकांतला ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज पाचवर आणणारा भाग) जादा व्होल्टेज सरळ उष्णता करून उधळतो. त्याच्या जागी फारशी वीज वाया न घालवणारा स्विचिंग रेग्युलेटर बसवला, तर तीच बॅटरी बरीच जास्त पुरते. पुढे लिथियम बॅटऱ्या स्वस्त झाल्या आणि हा छंद खऱ्या अर्थाने पसरला.

आपल्याकडे कॅसेट घालून खेळायच्या ज्या यंत्राला नुसतं 'टीव्ही गेम' म्हणत, त्याच्या नंतरच्या स्वस्त नकलांत निन्टेन्डोचा अख्खा जुना कन्सोल (एनईएस) एका चिपवर असायचा. उघडलं की डांबरासारखा एक काळा ठिपका दिसे. हौशी लोक तोही वापरतात. काही कर्मठ नाकं मुरडतात, कारण त्यांना मूळ कन्सोलचा अस्सल सर्किट बोर्डच हवा. माझं मत विचाराल, तर त्या नाक मुरडण्यातच अर्धी गंमत आहे.

कर्मठांची परीक्षा पाहणारं यंत्र म्हणजे निन्टेन्डोचा २००६चा कन्सोल 'वी' (Wii). त्याचा डिस्क ड्राइव्ह काढून गेम यूएसबीवरून चालवता येतात. मग उरलेला मदरबोर्ड चक्क करवतीने कापायचा, प्रोसेसर, ग्राफिक्स चिप आणि मेमरीपुरता तुकडा ठेवून. बोर्डाच्या आत तांब्याचे अनेक थर असतात आणि कापलेल्या कडेला ते एकमेकांना चिकटू शकतात. म्हणून कड पॉलिश पेपरने घासायची, मल्टिमीटर लावून शॉर्ट नाही ना ते पाहायचं, आणि त्यानंतरच वीज द्यायची.