समरूप भिन्नार्थी शब्द (आंतरभाषिक)

परस्परांशी वंशसंबंध नसलेल्या भाषांत एकाच ध्वनिरूपाचा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी आढळणे. एकाच भाषेतील समरूप शब्द (‘हार’ म्हणजे माळ आणि ‘हार’ म्हणजे पराभव) येथे अभिप्रेत नाहीत. पुण्यात नव्याने आलेल्या हिंदी भाषकाला गोंधळात टाकणारी ‘शिक्षा’ हीदेखील या नोंदीबाहेरची, कारण मराठी व हिंदी या सगोत्र भाषा असून दोन्हींतला शब्द मुळात एकच संस्कृत शब्द आहे. फ्रेंच अभ्यासक केसलेर व देरोकिन्यी यांनी १९२८ मध्ये रूढ केलेली ‘फसवे मित्र’ ही संज्ञा या सर्वच प्रकारांना सरसकट लावली जाते. भाषांतरकाराला ती पुरते. व्युत्पत्तीच्या अभ्यासात मात्र शब्द केवळ योगायोगाने सारखे आहेत की एका भाषेतून दुसरीत गेले आहेत, हा भेद सोडून चालत नाही.

योगायोगाची उदाहरणे हवी तितकी सापडतात. ‘काकी’ मराठीत चुलती, इंडोनेशियन भाषेत पाय, तर जपानीत एक फळ किंवा कालव. जपानीतील या दोन अर्थांतला फरक स्वराघाताने कळतो, जो देवनागरीत लिहिताना गळून पडतो. नाना फडणविसांच्या नावाची नाना पेठ पुण्यात आहे. जपानीत ‘नाना’ म्हणजे सात. कन्नडमध्ये ‘मने’ म्हणजे घर आणि ‘बा’ म्हणजे ये. मराठीत ‘बा’ ही हाक आहे किंवा बाप आहे, त्यामुळे कन्नड घरातले ‘बा’ ऐकून मराठी पाहुण्याने भुवया उंचावल्या तर नवल नाही.

यामागे गूढ काही नाही. कोणत्याही भाषेचे ध्वनी मर्यादित असतात आणि दोन अक्षरी शब्दांची सोय सर्वांनाच असते. हवाईयन भाषेत व्यंजने ८ आणि ऱ्हस्व स्वर ५. स्वरांची दीर्घता व जोडस्वर बाजूला ठेवले, तर संभाव्य अक्षरे ४५ (व्यंजनासह ४०, नुसत्या स्वरांची ५) आणि दोन अक्षरी रूपे ४५ गुणिले ४५, म्हणजे २,०२५ इतकीच होतात. अशा भाषेतील छोटे शब्द जगातल्या दुसऱ्या कोणत्या तरी भाषेतील शब्दांशी जुळले नाहीत, तरच आश्चर्य. अर्थासकट जुळणारी रूपे मात्र लोकांच्या लगेच लक्षात राहतात. ऑस्ट्रेलियातील म्बाबाराम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’शी जवळजवळ तंतोतंत जुळणारा शब्द होता, याची नोंद भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी केली. तो इंग्रजीतून आलेला नाही. शेजारच्या यिदिन्य भाषेत ‘गुडागा’ आहे आणि त्याच मूळ रूपाची आद्याक्षरे झिजून म्बाबाराम रूप तयार झाले. अर्थही जुळतो तेथे जर योगायोग शक्य आहे, तर नुसते रूप जुळल्याचे काय घेऊन बसावे?

नात्यांच्या शब्दांना वेगळा न्याय लावावा लागतो. मराठीत ‘मामा’ आईचा भाऊ, स्वाहिलीत आई आणि जॉर्जियनमध्ये बाप. ‘दादा’ मराठीत थोरला भाऊ, स्वाहिलीत थोरली बहीण. ‘बाबा’ तुर्कीत बाप, रशियनमध्ये आजी किंवा म्हातारी बाई. मानवशास्त्रज्ञ मर्डॉक यांनी १९५९ मध्ये आई व बाप यांसाठीचे १,०७२ शब्द जमवले. त्यांवर भाषाशास्त्रज्ञ याकोबसन यांनी मांडलेले स्पष्टीकरण असे की, ओठांनी आणि दातांजवळ होणारे ध्वनी मुलाला लवकर जमतात आणि त्या बोबड्या उच्चारांना अर्थ मोठी माणसे चिकटवतात. म्हणजे हा निव्वळ योगायोगही नव्हे आणि उसनवारीही नव्हे. हे मत आज सामान्यतः ग्राह्य धरले जाते.

*पुणे, पूना, पुना.* ‘पुना’ हे रूप केचुआ भाषेत अँडीज पर्वतातील उंच, वृक्षहीन पठाराला लावतात. माओरी व हवाईयन भाषांत त्याचा अर्थ पाण्याचा झरा. फिनिशमध्ये लाल रंग. पुण्याशी यांपैकी कशाचाही संबंध नाही. किंबहुना हे साम्य इंग्रजी अमदानीतील लेखनाने आणि हिंदी ‘पूना’ने निर्माण केले, मराठी ‘पुणे’ या रूपात ते फारसे राहत नाही.

शहराच्या नावाची व्युत्पत्ती मात्र विवाद्य आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ. स. ७५८ च्या ताम्रपटात ‘पुण्यविषय’ आणि ७६८ च्या ताम्रपटात ‘पूनकविषय’ असे उल्लेख आहेत (विषय म्हणजे येथे प्रांत). मुळा-मुठेच्या संगमामुळे हे पुण्यक्षेत्र, म्हणून पुणे, ही उपपत्ती लोकप्रिय आहे आणि आधीचा उल्लेख तिच्या बाजूचा आहे. ध्वनिपरिवर्तनाचे नियम मात्र तिला अनुकूल दिसत नाहीत. संस्कृत ‘ण्य’चा प्राकृतात ‘ण्ण’ आणि पुढे मराठीत ‘न’ होतो : अरण्य–रण्ण–रान. ‘पर्ण’चे पान आणि ‘कर्ण’चे कान झाले तेही याच वाटेने. या हिशेबाने ‘पुण्य’चे ‘पून’सारखे काही तरी व्हायला हवे होते. उलट दोन स्वरांमधला एकटा ‘न’ मराठीत ‘ण’ होतो : पानीय–पाणी, जन–जण. ‘पूनक’पासून ‘पुणें’ होण्यात म्हणून काहीच अडचण नाही. ‘-अक’चे ‘-एं’ होणेही नेहमीचेच. ‘पुण्यात’, ‘पुण्याला’ या रूपांतील ‘पुण्या’ हा पुरावा म्हणून कधी कधी पुढे केला जातो, पण ते एकारान्त नपुंसकलिंगी नामाचे साधे सामान्यरूप आहे, जसे ठाणे–ठाण्यात, तळे–तळ्यात. ‘पुण्य’ हा शब्द तत्सम म्हणूनच टिकला असेल तर वरील नियम त्याला लागू पडणार नाहीत, हे मान्य करावे लागते. तरीही ताम्रपट लिहिणाऱ्याने स्थानिक नावाला संस्कृत पेहराव चढवला असावा, हे अधिक संभवनीय वाटते. तसे असल्यास ‘पुण्य’ आणि ‘पुणे’ यांचे साम्य हेदेखील या नोंदीतलेच एक उदाहरण ठरेल, आणि तेही घरातलेच.

*उसने शब्द.* येथे रूप एका भाषेतून दुसरीत गेलेले असते आणि अर्थ वाटेत बदलतो. अरबी ‘तालीम’ म्हणजे शिकवणे. ‘इलम’ त्याच धातूचा. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि पुण्याच्या पेठांत लाल मातीचा हौदा, जोर-बैठका, दंडाला लागलेली माती असा त्याचा अर्थ झाला. मानाच्या तिसऱ्या गणपतीचे नाव ‘गुरुजी तालीम’ ऐकून परगावच्या माणसाला शिकवणीचा वर्ग आठवला, तर मूळ अर्थाला धरून तो चुकत नाही. नाटकाची तालीम हा मराठीतला आणखी एक अर्थ. इंडोनेशियात हाच शब्द धार्मिक अध्ययनाच्या बैठकीशी जोडलेला आहे, तुर्कीत लष्करी कवायतीशी. मराठी आणि तुर्की अर्थांत शरीराच्या सरावाचा धागा समान असला, तरी तेवढ्यावरून एकाचा अर्थ दुसऱ्याने घेतला असे म्हणणे धाडसाचे होईल. शिकवण्यापासून सरावापर्यंतची वाट सरळ आहे आणि दोन भाषा ती आपापल्या चालू शकतात. ‘गरीब’ अरबीत परका किंवा चमत्कारिक, मराठीत निर्धन आणि ‘गरीब गाय’ म्हणताना नुसता निरुपद्रवी.

द्राविडी भाषांत गेलेल्या संस्कृत शब्दांचीही हीच कथा. ‘व्यवसाय’ कन्नड व तेलुगूत शेती, मलयाळममध्ये उद्योगधंदा. ‘संसार’ तेलुगूत बायको, मलयाळममध्ये बोलणे. ‘अवसर’ कन्नडमध्ये घाई, तेलुगूत गरज. मराठीत संधी, शिवाय देवीचा ‘अवसर’ अंगात येतो तो वेगळाच.

*संदिग्ध जोड्या.* काही शब्द कोणत्या गटात घालावे हे ठरवणे कठीण. आमसुलाचे किंवा टोमॅटोचे ‘सार’ हे संस्कृत ‘सार’ म्हणजे अर्क, सत्त्व यापासूनचे मानण्याचा सर्वसाधारण कल आहे आणि अर्थही पटण्याजोगा आहे. पण कन्नडमध्ये पातळ कालवणाला ‘सारू’ म्हणतात आणि तमिळमध्ये रसाला ‘सारु’. तमिळमध्ये तो कठोर ‘ऱ’ने लिहितात. संस्कृत ‘सार’ तमिळमध्ये ‘सारम्’ असा वेगळा, साध्या ‘र’ने लिहिला जाणारा आणि सत्त्व याच अर्थाचा शब्द म्हणून आलेला आहे. दोन शब्द शेजारी शेजारी, दोन वेगळ्या रकारांसह नांदत असल्याने द्राविडी शब्द मूळचा स्वतंत्र असावा. मराठी ताटातले सार या दोहोंपैकी कोणाचे, याचा निर्णय मराठी रूपावरून होत नाही, कारण मराठीत रकार एकच.