फिल्म काळी म्हणून प्रिंट काळी येत नाही: सायनोटाइपची निगेटिव्ह आणि ग्रॅव्ह्युअरची पॉझिटिव्ह

पुण्यात हल्ली गच्चीवर सायनोटाइप, म्हणजे उन्हात फोटोचे निळे प्रिंट, करणारे बरेच झालेत, चांगलंच आहे, पण त्यातला कोणी फोटोपॉलिमर ग्रॅव्ह्युअरकडे (प्रकाशाने कडक होणाऱ्या प्लेटवर फोटो उतरवून, शाई भरून प्रेसवर छापणं) वळला की पंधरा दिवसांत तोच प्रश्न घेऊन येतो. निगेटिव्ह इन्व्हर्ट करून इंकजेटवर पारदर्शक फिल्म काढली, प्लेट नीट धुतली, प्रेसमधून काढली, मग काळा भाग राखाडी का? आणि सोबत कोणीतरी फुकट दिलेला सल्ला असतोच, "फिल्म अजून काळी काढ." हा सल्ला देणाऱ्याला एकदा माझ्या शाईने बरबटलेल्या चिंध्या धुवायला बसवणार आहे मी.

सायनोटाइपची उजळणी करत नाही, ते तुम्हाला येतंच. १८४२ मध्ये इंग्लंडच्या जॉन हर्शेलने शोधलं तेव्हापासून हिशोब तोच, फिल्म मोकळी तिथे निळं, फिल्मवर शाई तिथे कागद पांढरा. लक्षात एवढंच ठेवा की तिथे इंकजेटची शाई पांढऱ्याची राखण करते, म्हणून ती जितकी दाट तितकं तुमचं भलं, आणि डोक्यात बसलेली हीच सवय पुढे घात करते.

ग्रॅव्ह्युअरमधले किरकोळ फरक उरकून टाकू. निगेटिव्हऐवजी पॉझिटिव्ह, म्हणजे फोटोतलं काळं फिल्मवरही काळंच, हे सगळ्यांना माहीत असतं. सायनोटाइपला फिल्म मिरर करून छापता, इथे करायची नाही, कारण प्लेटवरून कागदावर येताना चित्र आणखी एकदा उलटतं, विसरलात तर अमृततुल्यची पाटी उलटी वाचायला मिळेल. पावसाळ्यात फिल्म दमट होऊन प्लेटला चिकटते, प्लेटवर अगदी हलका टाल्कचा हात फिरवा. आणि लग्नपत्रिकेचे ब्लॉक करणाऱ्याकडे जाऊन "फोटोपॉलिमरसाठी फिल्म द्या" म्हणालात तर तो निगेटिव्हच देणार, त्याची चूक नाही, त्याच्या प्लेटवर उठून राहिलेला भाग छापतो आणि आपल्या प्लेटवर खड्डे छापतात. झालं.

आता मुद्द्याचं.

फोटोपॉलिमर प्लेटवर यूव्ही पडला की पॉलिमर कडक होतं आणि पाण्याने धुतलं तरी जागचं हलत नाही. जिथे यूव्ही पोचला नाही तिथलं पॉलिमर ब्रशखाली वाहून जातं, खड्डा पडतो, खड्ड्यात शाई भरायची, वरची पुसायची, ओला कागद घालून प्रेसमधून काढायचं. इथपर्यंत ऐकून सगळ्यांना वाटतं की मग काळ्यासाठी फिल्मने यूव्ही पूर्ण अडवावा, म्हणजे खड्डा खोल, म्हणजे शाई जास्त. इथेच गोची आहे.

माझ्या पहिल्या मोठ्या प्लेटवर आत्याचा संक्रांतीतला फोटो होता, काळी चंद्रकळा नेसलेली. फिल्म मी अशी काढली होती की खिडकीकडे धरली तरी पदरातून उजेड दिसेना. प्रिंट उचलली तर चंद्रकळा राखेच्या रंगाची आणि तिच्या कडेने गडद काळी रेघ, म्हणजे नसलेला काठ आपोआप आला. आत्या म्हणाली, "अरे, ही कुठली साडी?"

झालं होतं असं की पदराखालचं पॉलिमर सलग वाहून गेलं होतं. खड्डा खोल होता, पण परातीसारखा पसरट, मध्ये एकही भिंत नाही. खळ लावलेली मलमल फिरवली की ती थेट तळाला जाते आणि शाई उचलून आणते, शाई टिकते ती फक्त कडेच्या भिंतीशी. याला ओपन बाइट म्हणतात. शाई धरून ठेवायला खोलीइतक्याच भिंती लागतात, असंख्य, बारीक, जवळजवळ.

हे दुखणं जुनंच आहे. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या टॅलबॉटने १८५२ च्या पेटंटमध्ये चित्र आणि प्लेटमध्ये जाळीदार कापड घातलं होतं, पुढे १८७९ मध्ये व्हिएन्नात कार्ल क्लीचने तांब्यावर बारीक भुकटीचे कण बसवून तेच साधलं. आपल्याकडे त्या जागी अ‍ॅक्वाटिंट स्क्रीन असते, म्हणजे बारीक, वेडेवाकडे विखुरलेले ठिपके असलेली फिल्म. तिच्यातून प्लेटला आधी एक एक्स्पोजर द्यायचं, मग पॉझिटिव्ह ठेवून दुसरं.

म्हणजे दोन एक्स्पोजर आणि दोघांची कामं वेगळी. पॉझिटिव्ह जिथे पूर्ण काळी आहे तिथे प्लेटवर राहतं ते फक्त स्क्रीनने कडक केलेल्या भिंतींचं जाळं, त्यामुळे काळा किती काळा हे स्क्रीनचा वेळ ठरवतो. तो कमी पडला तर भिंती धुताना वाहून जातात, जास्त झाला तर खड्डेच उथळ राहतात आणि दोन्हीकडे नशिबी राखाडी. पॉझिटिव्हचा वेळ ठरवतो पांढरं, मोकळ्या फिल्मखालचं पॉलिमर पुरतं कडक झालं की नाही ते. एका मर्यादेपुढे फिल्मवर शाई ओतून काळ्यात काही फरक पडत नाही, उलट फिल्म ओली राहते आणि गडद छटा एकमेकींत बुडतात.

म्हणून टेस्ट कशी करायची, तर आधी फोटो बाजूला ठेवा. प्लेटच्या एका तुकड्यावर फक्त स्क्रीन, पुठ्ठा सरकवत वाढत्या वेळाच्या पट्ट्या, धुवा, छापा, सगळ्यात काळी पट्टी कुठली ते बघा. बहुतेक वेळा ती मधलीच कुठलीतरी निघते, टोकाची नाही. तो वेळ पक्का केला की मग पॉझिटिव्हवर राखाडी पायऱ्यांची पट्टी छापून असा कमीत कमी वेळ शोधा ज्यात मोकळी जागा कागदाइतकी स्वच्छ येते. कर्व्ह, म्हणजे फोटोतली कुठली छटा फिल्मवर किती गडद छापायची याचा हिशोब, त्यानंतर, आणि ती स्वतःची. सायनोटाइपची कर्व्ह उलटी करून चालत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली दुसऱ्याची तर नाहीच, त्याचा प्रिंटर वेगळा, दिवा वेगळा, पुसणारा हात वेगळा.

उन्हात करू का असंही विचारतात. होतं, सोलारप्लेट या फोटोपॉलिमर प्लेटचं नावच त्यावरून आहे, पण दोन एक्स्पोजर एकमेकांशी जुळवायची असताना मध्येच ढग आला तर प्लेट वाया, मी तरी यूव्ही एलईडीच्या पेटीशिवाय हात लावत नाही. काहीजण फिल्म आणि स्क्रीन दोन्ही सोडून इंकजेटमधून थेट प्लेटवरच छापतात, तिथे प्रिंटरचे ठिपकेच भिंतींचं काम करतात. प्रिंट सुंदर येतात, मान्य. पण पत्र्याची पाठ असलेली प्लेट माझ्या प्रिंटरच्या हेडखालून घालवायची माझी छाती नाही, आणि चुकलं तर फिल्मऐवजी प्लेटच जाते.

चंद्रकळेची प्लेट पुन्हा केली, फिल्मवरची शाई कमी करून आणि स्क्रीनचा वेळ वाढवून. आत्याने प्रिंट हातात घेऊन पदरावरून बोट फिरवलं, बोट काळं झालं, शाई वाळायची होती अजून.