मिएको शिओमी : ऐकण्यातून घडलेली कला

जपानी कलावंताच्या कामात चालू क्षणाचे भान दिसले की त्याचे मूळ झेन परंपरेत शोधण्याची सवय समीक्षेला फार पूर्वीच लागली आहे. मिएको शिओमी यांच्या बाबतीत मात्र ते आधी संगीतात शोधावे लागते. १९३८ साली ओकायामा प्रांतात जन्मलेल्या शिओमी टोकियोत संगीतशास्त्र शिकल्या आणि विद्यार्थिदशेतच ताकेहिसा कोसुगी, यासुनाओ तोने आदी सहकाऱ्यांबरोबर १९६० च्या सुमारास ‘ग्रुप ओंगाकू’ या संघात सामील झाल्या. हा संघ आधी काहीही लिहून न ठेवता आयत्या वेळी वादन करी. पियानो आणि चेलोबरोबरच व्हॅक्युम क्लीनर, रेडिओ, जेवणाची भांडी अशा वस्तूही त्यात वाजत.

त्या काळातली एक आठवण शिओमी यांनी सांगितली आहे. नादासाठी किल्ल्यांचा जुडगा वारंवार छताकडे फेकताना त्यांना एकाएकी जाणवले, की आपण आवाज काढत नसून फेकण्याची क्रियाच सादर करत आहोत. त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाची सुरुवात मला याच क्षणात दिसते, कारण एकदा क्रियेकडे संगीत म्हणून पाहिले की ते संगीत आवाजातच असले पाहिजे असे बंधन उरत नाही.

१९६३ पासून त्या मोजक्या शब्दांतल्या सूचनांच्या स्वरूपात रचना लिहू लागल्या. ‘बाउंडरी म्युझिक’मध्ये आवाज जन्मला की नाही हेच ठरवता येऊ नये इतका क्षीण आवाज काढायचा असतो, ‘एंडलेस बॉक्स’मध्ये एकात एक बसणाऱ्या कागदी पेट्या उघडत जाताना मंदावत जाणारा स्वर जणू डोळ्यांना दिसतो. त्यांचे काम कोरियात जन्मलेले कलावंत नाम जून पाइक यांच्यामुळे, रोजच्या साध्या क्रियांनाही कला मानणाऱ्या ‘फ्लक्सस’ या कलाचळवळीचे संस्थापक जॉर्ज माचुनास यांच्यापर्यंत पोहोचले आणि १९६४ मध्ये शिओमी जपानी कलावंत शिगेको कुबोता यांच्यासह न्यूयॉर्कला गेल्या.

तिथे त्यांच्या रचना एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात सहज जाऊ लागल्या. पाण्याला स्थिर आकार द्यावा आणि मग तो मोडू द्यावा, असे सांगणारी ‘वॉटर म्युझिक’ माचुनास यांनी लहानशा बाटलीवर लेबल लावून वस्तुरूपात आणली. चेहऱ्यावरचे हसू हळूहळू मावळू द्यावे अशी सूचना असलेल्या रचनेचा १९६६ मध्ये चित्रपट झाला. त्यात कलावंत योको ओनो यांचे ओठ दिसतात, आणि अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलेले काही सेकंद पडद्यावर सुमारे अकरा मिनिटे चालतात. प्रत्यक्षात नजरेतून निसटणारा बदल इथे प्रेक्षकाला सक्तीने पाहावा लागतो, म्हणून हा चित्रपट मला त्यांच्या कामाची सर्वांत नेमकी ओळख वाटतो.

त्याआधी १९६५ मध्येच शिओमी जपानला परतल्या होत्या. सादरीकरण एकाच ठिकाणच्या प्रेक्षकांपुरते मर्यादित राहते ही अडचण त्यांना आधीपासून जाणवत होती, आणि त्यावर त्यांनी टपालाचा मार्ग काढला. न्यूयॉर्कमध्ये असतानाच सुरू केलेल्या ‘स्पेशियल पोएम’ (अवकाशातली कविता) या मालिकेत त्या देशोदेशीच्या परिचितांना एखादी साधी क्रिया करायला सांगत (कुठेतरी एक शब्द ठेवणे, काहीतरी खाली पाडणे) आणि आलेली उत्तरे जगाच्या नकाशावर मांडत. १९७५ पर्यंत या मालिकेचे नऊ भाग झाले. लग्नानंतर मुलांचा सांभाळ करताना आणि १९७० पासून ओसाका परिसरात राहतानाही शिओमी यांना हे काम घरूनच चालू ठेवता आले.