गणपतराव देशमुखांची आमदारकी
सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख 11 वेळा विधानसभेवर निवडून गेले, तेही कायम याच एका मतदारसंघातून आणि एकाच पक्षाकडून. तालुक्यात सगळे त्यांना आबासाहेब म्हणायचे. मूळ गाव मोहोळ तालुक्यातलं पेनूर, शिक्षण वकिलीचं.

1962 ला पहिल्यांदा आमदार झाले, 1967 ला परत आले, 1972 ला पडले. 1974 ला पोटनिवडणूक लागली तेव्हा पुन्हा जिंकले आणि तिथून 1995 पर्यंत कुणाला हलवता आले नाहीत. 1995 ला मात्र शहाजीबापू पाटलांनी त्यांना दोनशेपेक्षा कमी मतांनी पाडलं (2022 ला 'काय झाडी, काय डोंगार'वाला फोन व्हायरल झाला तेच बापू). मग 1999 ते 2014 सलग चार निवडणुका आबासाहेबांच्याच.

बहुतेक सगळी वर्षं विरोधी बाकावर गेली. मंत्रीपद दोनदाच मिळालं, एकदा 1978 च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि मग 1999 च्या विलासराव देशमुखांच्या सरकारात. म्हणजे सत्तेत राहिल्याशिवाय तालुक्यात कामं होत नाहीत हे जे सगळेच पक्ष बदलणारे सांगतात ते इथं काही लागू पडत नाही, कारण याच काळात सांगोल्यात सहकारी सूतगिरणी उभी राहिली, बायकांची वेगळी सूतगिरणी झाली, आणि टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठी आटपाडीच्या पाणी परिषदांमधून स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं वर्षानुवर्षं भांडण चाललं. तालुका कायमचा दुष्काळी, त्यामुळे इथलं राजकारण म्हणजे पाणी, चारा छावणी आणि डाळिंब. पाणी मात्र फार उशिरा आलं हेही खरं, त्याचा दोष कुणाला द्यायचा यावर सांगोल्यात अजून वाद होतात.

त्यांच्या एसटीच्या प्रवासाचे किस्से सगळ्यात जास्त सांगितले जातात. लाल डब्यात आमदारांसाठी राखीव सीट असते, वर तसं लिहिलेलंही असतं, पण तिथं आमदार बसलेला आपण कधी बघितलाय का? आबासाहेब मात्र खरंच एसटीनं यायचे-जायचे. साधेपणाचं कौतुक जरा अतीच होतं असं मला वाटतं, मतं फक्त त्यावर मिळत नाहीत, गावोगावी शेकापचे जुने कार्यकर्ते होते आणि त्यांची पोरंही त्याच पक्षात राहिली, खरी ताकद ती होती.

राज्यात शेकाप आटत गेला, शेवटी रायगड आणि सांगोला एवढंच नाव घ्यायला उरलं, तरी आबासाहेब काँग्रेसमध्ये गेले नाहीत की राष्ट्रवादीत. 2019 ला वयामुळे उभे राहिले नाहीत, नातू अनिकेत देशमुख लढले आणि शहाजीबापूंकडूनच 768 मतांनी हरले. 30 जुलै 2021 ला सोलापुरात आबासाहेबांचं निधन झालं. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख सांगोल्यातून निवडून आले, आणि अख्ख्या राज्यात शेकापचा तेवढा एकच आमदार आला.